बलून की दिव्री? सेल्जुक टूरवर ग्रुप दोन ठिकाणी विभागला त्याचा प्रकरण अभ्यास

(लोकांची ओळख पटू नये म्हणून तारखा आणि काही बारीकसारीक तपशील बदललेत. घटनाक्रम जसा झाला तसाच आहे. मी या ग्रुपबरोबर टूर मॅनेजर म्हणून होतो.)

पार्श्वभूमी

तुर्कस्तान म्हटलं की आपल्याकडे इस्तंबूल, कॅपाडोकिया, पामुक्कले आणि शेवटी अंताल्याचा समुद्र, एवढं ठरलेलं असतं. ही टूर तशी नव्हती. पुण्यातले बावीस जण, बहुतेक पन्नाशी-साठीतले, त्यात तीन-चार निवृत्त प्राध्यापक, एक आर्किटेक्ट बाई, एक सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेले काका, आणि बाकीचे "चला बघू तरी" म्हणून आलेले. विषय होता सेल्जुक काळ (सेल्जुक म्हणजे ऑटोमनांच्या आधीचं तुर्क घराणं). म्हणजे १०७१ साली मलाझगिर्तला अल्प अर्सलानने बायझंटाईन सम्राट रोमानोसला हरवलं आणि अनातोलिया तुर्कांना मोकळा झाला, तिथपासून ते मंगोलांच्या हातात सगळं गेलं तिथपर्यंत. ऑटोमन लोक यात येतच नाहीत, ते नंतरचे, आणि हे समजावून सांगण्यातच माझे पहिले दोन दिवस गेले कारण निम्म्या लोकांना तुर्की म्हणजे सुलेमान आणि ती टीव्ही सिरियल एवढंच माहीत होतं.

रूट असा होता: इस्तंबूलहून कोन्या, कोन्यात दोन रात्री, मग कॅपाडोकियात दोन रात्री, कायसेरीवरून सिवास, सिवासला दोन रात्री आणि त्यातला एक दिवस दिव्रीसाठी (आडगाव, पण तिथली तेराव्या शतकातली मशीद आणि रुग्णालय बघायचं), मग सिवासहून अंकाऱ्याची फास्ट ट्रेन (ही २०२३ पासून सुरू झालीये) आणि परत इस्तंबूल.

कोन्या मस्त झालं. कारातायचा मदरसा १२५१ चा, आतून घुमट सगळा निळ्या-काळ्या टाइल्सचा, तिथे मान वर करून आमचे लोक इतका वेळ उभे राहिले की पुढे बसमध्ये सगळे मान चोळत होते. इंजे मिनारे मदरशाचा मिनार १९०१ साली वीज पडून अर्धा गेला, पण दरवाजा शाबूत आहे आणि खरं बघायचं तेच आहे, दगडात कोरलेल्या अक्षरांच्या दोन पट्ट्या खालून वर जातात आणि मध्येच गाठ मारल्यासारख्या एकमेकींत गुंततात. मौलाना रूमींची कबर तर सगळ्यांनाच बघायची होती. पण ग्रुप खऱ्या अर्थाने विषयात घुसला तो बेशेहिरला. कोन्याहून तलावाकाठी गेलो, तिथे एश्रेफोग्लू मशीद आहे, १२९९ ची, आत सगळे उंच लाकडी खांब, आणि मधोमध जमिनीत एक खड्डा. वर छताला उघडं होतं (आता काच आहे) आणि हिवाळ्यात त्यातून बर्फ खाली टाकायचे म्हणजे लाकडाला ओलावा मिळून ते तडकणार नाही. सातशे वर्षं लाकूड टिकलंय! आर्किटेक्ट बाई तर खड्ड्याच्या कडेला बसूनच राहिल्या, शेवटी गाईडला त्यांना हाक मारावी लागली. ही मशीद २०२३ साली युनेस्कोच्या यादीत आली, अशाच लाकडी खांबांच्या आणखी चार मशिदींबरोबर.

कॅपाडोकियाच्या वाटेवर सुलतानहानला थांबलो. १२२९ साली अलाउद्दीन कैकुबादने बांधलेली कारवाँसराय. उंट एका दिवसात चालेल तेवढ्या अंतरावर अशा सराया बांधलेल्या असायच्या आणि व्यापाऱ्याला तीन दिवस राहणं-खाणं फुकट. यावर बसमध्ये कोणीतरी म्हणालंच, "आपल्याला मात्र एक्स्ट्रा नाईटचे पैसे लावतात." तेव्हा सगळे हसले. पुढे याच मुद्द्यावरून वाजलं.

अडचण

ब्रोशरच्या पहिल्या पानावर फोटो कॅपाडोकियातल्या हॉट एअर बलूनचा होता. आत कुठेतरी बारीक अक्षरात "हवामान अनुकूल असल्यास" असंही होतं, पण ते कोण वाचतं. दिव्रीचा फोटो चौथ्या पानावर, तोही स्टॅम्पएवढा.

कॅपाडोकियात बलूनचं असं असतं की सिव्हिल एव्हिएशनची परवानगी पहाटे येते आणि ती आल्याशिवाय एकही बलून उडत नाही, तुम्ही कितीही पैसे भरलेले असोत. आम्ही पहिली सकाळ बलूनसाठी आणि दुसरी सकाळ राखीव असं धरलं होतं. बुधवारी पहाटे साडेचारला उठून, स्वेटर-मफलर घालून लोक बलूनवाल्यांच्या ऑफिसात जाऊन बसले, चहा-बिस्किटं झाली, आणि सव्वासहाला निरोप आला की वारा आहे, आज नाही. तोंडं उतरली पण अजून एक सकाळ होती म्हणून कोणी फार बोललं नाही.

खरा पेच पुढे होता. गुरुवारी पण नाही झालं तर? कारण गुरुवारी दुपारपर्यंत कायसेरी आणि रात्री सिवास गाठायचं होतं, आणि शुक्रवारी दिव्री. बलूनसाठी शुक्रवारची सकाळ हवी असेल तर दिव्री जाणार. आणि माझ्या मते, आणि ज्यांनी हा रूट आखला त्यांच्या मतेही, दिव्री हाच या टूरचा कळस होता. १२२८-२९ मध्ये बांधलेली मशीद आणि तिला चिकटून रुग्णालय, मशीद मेंगुजेक घराण्यातल्या अहमद शाहची आणि रुग्णालय तुरान मेलिक या राजघराण्यातल्या बाईने बांधून घेतलेलं, कारागीर अहलातचा हुर्रेमशाह. तुर्कस्तानातली जी पहिली ठिकाणं १९८५ साली युनेस्कोच्या यादीत गेली त्यात इस्तंबूल आणि कॅपाडोकियातल्या गोरेमेच्या जोडीला हे आडगावातलं ठिकाण होतं, म्हणजे विचार करा. त्यात कित्येक वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२४ मध्ये उघडलं. बलून तर दरवर्षी आहेतच, असं मला वाटतं. पण मला वाटून उपयोग नाही, पैसे मी भरलेले नव्हते.

आधी काय झालं: बसमधलं मतदान

बुधवारी दुपारी उचिसारहून परत येताना बसमध्ये विषय निघाला आणि एका काकांनी परस्पर माइक घेऊन विचारलं, "उद्या नाही उडालं तर परवासाठी थांबायचं कोणाकोणाला आहे, हात वर करा." बावीसपैकी पंधरा हात वर. काका म्हणाले, "झालं की मग, मेजॉरिटी आहे."

इथे पहिला निर्णयाचा क्षण होता. लोकशाही झाली म्हणून मान डोलावणं सोपं होतं. पण मी मागच्या सीटवरून बघत होतो, पहिले सात-आठ हात पटकन गेले आणि बाकीचे आजूबाजूला बघून. आणि प्रश्नच अर्धा होता, थांबलं तर काय सुटेल हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी एवढंच म्हटलं की आज रात्री जेवणानंतर सगळी माहिती सांगतो, मग ठरवू. काका जरा नाराज झाले.

समोर असलेले पर्याय

संध्याकाळी गाईडबरोबर बसलो. तुर्कस्तानात लायसन्स असलेला स्थानिक गाईडच साइट दाखवू शकतो, आपला टूर मॅनेजर दाखवू शकत नाही, त्यामुळे तिच्याशिवाय काहीही ठरत नव्हतं. बाई अनुभवी. मी तिला विचारलं शुक्रवारी उडायचे चान्स किती, तर तिने आकडा द्यायला साफ नकार दिला. म्हणाली मी अंदाज सांगितला की तू तो ग्रुपला सांगशील आणि नाही उडालं की मी खोटी. बरोबर होतं तिचं.

पहिला विचार आला सगळ्यांनी थांबायचा. शुक्रवारी बलून, मग आरामात सिवास, दिव्री कॅन्सल. ऑफिसला हा आवडण्यासारखा, कारण एकच बस, एकच ग्रुप, हॉटेलचा फरक तेवढा. पण जे दिव्रीसाठीच आले होते त्यांच्याशी हा सरळ धोका.

दुसरं म्हणजे ठरल्याप्रमाणे सगळे पुढे. बलूनचे पैसे परत, विषय संपला. कागदावर यात आमची काहीच चूक नाही. पण पुण्यात परतल्यावर जे ऐकून घ्यावं लागलं असतं त्याची कल्पना होती.

तिसरा पर्याय किल्लेवाल्या काकांनी सुचवला आणि ऐकायला फार भारी वाटला: शुक्रवारी सकाळी बलून करून तडक दिव्री गाठायचं आणि रात्री सिवासला मुक्कामी यायचं. मी ड्रायव्हरला विचारलं, तो हसला. गोरेमे ते सिवास साधारण २७० किलोमीटर, सिवास ते दिव्री १७५ आणि तेवढंच परत, डोंगरातला रस्ता. सहाशेच्या वर किलोमीटर. तिथे बस ड्रायव्हरला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही आणि सलग साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावंच लागतं, आणि हे सगळं टॅकोग्राफवर (गाडी किती वेळ चालली ते नोंदवणारं यंत्र) छापलं जातं, "भाऊ थोडं अॅडजस्ट कर" चालत नाही. शिवाय ऑक्टोबरमध्ये सहाच्या आत अंधार, म्हणजे दिव्रीला पोचून दरवाजे मोबाईलच्या टॉर्चने बघायचे. काकांना हिशोब दाखवला तेव्हा ते म्हणाले, "नाही रे, मग राहू दे."

शेवटचा मार्ग ग्रुप विभागायचा. ज्यांना थांबायचंय त्यांनी एक रात्र जास्त राहायचं, शुक्रवारी बलून करून वेगळ्या व्हॅनने सिवासला येऊन मिळायचं. बाकीचे ठरल्याप्रमाणे पुढे. यात खर्च वाढतो: गोरेमेची जास्तीची रात्र, व्हॅन, आणि सिवासच्या रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांचे पैसेही जातातच. शिवाय मी कुठे राहायचं हा प्रश्न. आणि साठीच्या पुढचे लोक परदेशात टूर मॅनेजरशिवाय ठेवायचे हे आमच्या ऑफिसच्या नियमात बसत नाही.

रात्री दहाला पुण्यात फोन केला, तिकडे साडेबारा. झोपेतून उठलेल्या साहेबांनी सांगितलं, "सगळ्यांना एकत्र ठेव, विभागू नकोस." का, तर एकदा विभागलं की प्रत्येक टूरवर लोक तेच मागतील. मुद्दा चुकीचा नव्हता. मी म्हटलं, आधी लोकांना नीट विचारतो, मग परत फोन करतो.

काय केलं

त्या रात्री नेमकी कोजागिरी होती. हॉटेलच्या गच्चीवर दोन काकूंनी पुण्याहून आणलेल्या मसाल्याचं दूध आटवलं होतं, हॉटेलच्या किचनमधल्या पोराला इतकं आवडलं की त्याने डबी मागून घेतली. चंद्र होता, वारा पण होता, आणि त्या वाऱ्याकडे बघून सगळ्यांना उद्याचं काय ते कळत होतं.

तिथेच मी चिठ्ठ्या वाटल्या. हात वर नाही, बोलायचं नाही, नाव लिहून तीन प्रश्नांची उत्तरं. एक, दिव्री आणि बलून यातलं एकच मिळणार असेल तर कोणतं. दोन, थांबलात आणि शुक्रवारीही नाही उडालं तर चालेल का. तीन, थांबायचा जास्तीचा खर्च माणशी एवढा (आकडा लिहिला होता), तो द्यायची तयारी आहे का. आधी गाईडने दहा मिनिटं टॅबवर दिव्रीचे फोटो दाखवले. हे मुद्दाम केलं, आणि काही जणांच्या मते ते बरोबर नव्हतं, कारण मग बलूनचे पण फोटो दाखवायला हवे होते. असेल. पण बलूनचे फोटो ते गेले सहा महिने बघतच होते.

चिठ्ठ्या मोजल्या. थांबणारे नऊ, पुढे जाणारे तेरा. दुपारच्या पंधरातले सहा जण गळाले. त्यातल्या एक काकू नंतर मला म्हणाल्या, "अहो, मी एकटीने हात खाली ठेवला असता तर वाईट दिसलं असतं ना." एका जोडप्याच्या दोन चिठ्ठ्या दोन वेगळ्या, नवरा दिव्री, बायको बलून. त्यांना एकमेकांचं कळल्यावर जरा गंमतच झाली, पण दोघांनीही बदललं नाही.

मग परत पुण्याला फोन. आता माझ्याकडे नावं आणि सह्या होत्या, आणि तिसऱ्या प्रश्नामुळे खर्चाचा बराचसा प्रश्न सुटला होता. साहेब तयार झाले, व्हॅनचे निम्मे पैसे ऑफिस देईल असंही म्हणाले. अट एवढीच की मी नऊ जणांबरोबर थांबायचं, कारण तेरा जणांबरोबर गाईड होतीच.

गुरुवारी पहाटे परत तेच, साडेचार, स्वेटर, चहा, आणि नाही. तेरा जण नऊ वाजता निघाले.

शेवटी काय झालं

शुक्रवारी बलून उडाले. तासभर उशिराने, पण उडाले. आठ जण वर गेले. नववे काका खाली माझ्याबरोबर राहिले, कारण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन वर्षभरापूर्वी झालेलं, आणि लँडिंगच्या वेळी बास्केटमध्ये गुडघे वाकवून बसावं लागतं म्हणून पायलटने नको सांगितलं. पैसे भरून, एक रात्र जास्त राहून, दिव्री सोडून हे काका व्हॅनमध्ये बसून आकाशात बघत होते. तक्रार केली नाही, पण मला ते बोचलं. हे ऑपरेशन बुकिंगच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं, फक्त तो फॉर्म विमानकंपनीच्या व्हीलचेअरसाठी होता, बलूनच्या यादीशी कोणी तो जोडून बघितला नव्हता.

तिकडे तेरा जण सकाळी सातला सिवासहून निघून कांगालवरून (ते काट्यांच्या पट्ट्याचे मोठे कुत्रे इथलेच) दहाच्या आत दिव्रीला पोचले. शुक्रवार, म्हणजे दुपारच्या नमाजला मशिदीत पर्यटकांना जाता येत नाही, हे गाईडने आधीच धरलं होतं. मशीद आधी, रुग्णालय नंतर. मी तिथे नव्हतो, पण रात्री जे ऐकलं त्यावरून: उत्तरेच्या दरवाज्यावरची कोरीव पानं भिंतीपासून इतकी सुटी उभी आहेत की बोटं मागे जातील, आणि डावीकडचं उजवीकडे परत सापडत नाही. पश्चिमेच्या दरवाज्यापाशी किल्लेवाले काका ओरडलेच, "अरे गंडभेरुंड!" दोन डोक्यांचा गरुड, अगदी आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर असतो तसा. गाईडला काही कळेना, मग त्यांनी फोनमधले आपल्याकडचे फोटो दाखवले आणि अर्धा तास हीच चर्चा. रुग्णालयात मधोमध अष्टकोनी हौद आहे, पाण्याच्या आवाजाने रुग्णांना शांत करायचे असं सांगतात, तिथे म्हणे सगळे आपोआप गप्प झाले. आमचा ग्रुप गप्प, यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला.

आम्ही नऊ-दहा जण सिवासला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. म्हणजे दिव्री तर गेलंच, पण सिवास शहरही गेलं, हे चिठ्ठीत लिहिलं नव्हतं. सिवासमध्ये १२७१ या एकाच वर्षातले तीन मदरसे आहेत. १२४३ ला कोसेदागला मंगोलांकडून हरल्यावर सेल्जुक सुलतान नावापुरते उरले होते, आणि तरी एका वर्षात तीन, त्यातला गोक मदरसा सेल्जुक वजीराचा आणि जोड-मिनारांचा इल्खानी (म्हणजे इराणच्या मंगोल राजवटीचा) वजीर जुवैनीचा. जोड-मिनारांची आता फक्त दर्शनी भिंत उरलीये आणि समोर त्याहून पन्नासेक वर्षं आधीचं रुग्णालय, ज्यात सुलतान कैकाऊस स्वतःच पुरलेला आहे. तेरा जणांनी हे गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी परतल्यावर चहा पीत बघितलं. नऊ जणांनी दिव्यांच्या उजेडात बाहेरून बघितलं आणि शनिवारी सकाळी ट्रेन.

ट्रेनमध्ये ग्रुप परत एक झाला असं म्हणायला आवडलं असतं. झाला पण, बराचसा. बलूनवाले व्हिडिओ दाखवत होते, दिव्रीवाले दरवाजे. ते नवरा-बायको शेजारी बसून एकमेकांना आपापले फोटो दाखवत होते. पण परतल्यावर नऊपैकी दोघांनी मेल टाकला की बलून ब्रोशरवर आहे, म्हणजे तो द्यायची जबाबदारी कंपनीची, मग जास्तीच्या रात्रीचे पैसे आम्ही का द्यायचे. चिठ्ठीवर सही आहे हे दाखवल्यावर त्यांचं म्हणणं की परदेशात रात्री दहा वाजता दुसरा पर्याय काय होता. कायद्याने नाही, पण माणूस म्हणून मला हे पूर्ण चुकीचं वाटत नाही. कंपनीने पुढच्या टूरवर सवलत देऊ केली, एकाने घेतली, एकाने नाही.

वेगळं काय करता आलं असतं

विभागण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन. चिठ्ठ्यांची पद्धतही. फक्त त्यात थांबल्यावर सुटणारी प्रत्येक गोष्ट लिहीन, सिवास शहर धरून, आणि बलूनसाठी कोण शारीरिकदृष्ट्या जाऊ शकतं हे पुण्यातच विचारून ठेवीन.

खरी गोची मात्र रूटमध्येच होती. हवामानावर अवलंबून असलेली गोष्ट आधी आणि हलवता न येणारी गोष्ट लगेच तिच्यानंतर, असं लावलं की पहिलीचा उशीर दुसरीवर पडणारच. उलट्या दिशेने गेलं, अंकारा, सिवास, दिव्री, कायसेरी, कॅपाडोकिया, कोन्या, तर बलून हुकला तरी त्याचा धक्का कोन्याला बसतो, आणि कोन्यात दोन रात्री असल्याने बेशेहिरचा दिवस पुढे-मागे होऊ शकतो. शिवाय दिव्री शुक्रवारी येणार नाही असं बघायचं, त्या दिवशी गाईड हुशार होती म्हणून निभावलं. आणि ब्रोशरच्या पहिल्या पानावर काय छापता यावर लोक कशासाठी येतात हे ठरतं. मी दिव्रीचा उत्तर दरवाजा पुढे टाकायला सांगितलं तर मार्केटिंगवाले म्हणाले त्याने बुकिंग येणार नाही. येणार नाही हे खरं असेल तर मग ही टूर नेमकी कोणाला विकतोय हा प्रश्न मी विचारला, त्यावर चर्चा चालू आहे.

उलटा रूट पुढच्या सीझनला धरलाय. त्यात एक अडचण राहते, रात्रभराच्या फ्लाइटनंतर लोकांना इस्तंबूलहून अंकारा आणि तिथून लगेच ट्रेनने सिवास, साठीच्या लोकांचे हाल होतील. अंकाऱ्यात एक मुक्काम टाकला तर खर्च वाढतो. तिथली अर्सलानहाने मशीद पण त्या लाकडी खांबांच्या पाचमधलीच आहे, तेव्हा ती दाखवून तो मुक्काम टूरचाच भाग करावा असा प्रस्ताव मी दिलाय. ऑफिसकडून अजून उत्तर आलेलं नाही.